पॉइंट कोठी काढू, भाऊ?

2022 च्या जून महिन्यात अमरावती-अकोला मार्गावर 75 किलोमीटर डांबर 105 तास 33 मिनिटांत अंथरलं गेलं आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. आधीचा विक्रम कतारचा होता. एवढ्या श्रीमंत देशाला वऱ्हाडानं मागं टाकलं म्हणून आम्हाला आनंद झालाच, पण त्याहून जास्त अचंबा वाटला. कारण सांगितलेल्या वेळेत काम आटोपणं ही गोष्ट आमच्याकडे तोवर ऐकिवात नव्हती.

मी कर सल्लागार आहे. घर अमरावतीला आणि निम्मे पक्षकार अकोल्याला. त्या विक्रमी रस्त्यानं माणूस झपकन अकोल्यात पोचतो, जुन्या कापूस बाजाराच्या बाजूला एखाद्या पेढीचा जिना चढतो आणि वर गेल्यावर त्याला दिसतं ते असं: भिंतीला शिडी लावलेली, शिडीवर एक पोट्टा, त्याच्या तोंडात दोन स्क्रू, खाली झाडून सगळं ऑफिस मान वर करून उभं, आणि चाळीस मीटर वायर गेल्या सोमवारपासून मुनीमजींच्या टेबलाकडे निघालेली. गिनीजवाल्यांनी घड्याळ लावायला हवं ते इथं.

वायर आमच्या व्यापारात आली ती जीएसटीचं बोट धरून. 1 जुलै 2017 पूर्वी पेढीत एकच कॉम्प्युटर असे. तो कोपऱ्यात, प्लास्टिकच्या आवरणाखाली. त्याला उदबत्ती नेमानं दाखवली जाई, चालू मात्र कधीमधी केला जाई. मग 2018 च्या एप्रिलपासून ई-वे बिल आलं आणि बिल निघाल्याशिवाय गाठींचा ट्रक फाटकाबाहेर काढता येईना. एका कॉम्प्युटरचे चार झाले. चौघांनी एकाच टॅलीत लिहायचं म्हणजे चौघं एकमेकांना जोडलेले हवेत. माणसं एकमेकांना जोडलेली असण्याची गरज या पेढीला त्याआधी पडलेली नव्हती.

तुम्ही म्हणाल, वायफाय लावा ना. लावून पाहिलं होतं. बांधकाम आज्याच्या काळातलं, भिंती दोन-दोन फुटांच्या. राउटरचा दिवा दारातून दिसे, पण रेंज पहिल्या भिंतीपाशीच बसकण मारी. मेळघाटातल्या हरिसालला 2016 मध्ये डिजिटल गाव केलं तेव्हा टीव्हीच्या रिकाम्या लहरींवरून इंटरनेट डोंगरात नेलं होतं, हे मी पेढीच्या दोघा मालक भावांपैकी मोठ्या भावांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. त्यांची हरकत वेगळीच होती. "हवेतून येते म्हंजे बाजूच्या शेटलेही भेटन ना थे. आपला भाव त्याले कायले कळू द्या?"

यात हसण्यासारखं फार काही नाही. वऱ्हाडातल्या कापसाचा आणि तारेचा संबंध जुना आहे. खामगावला रेल्वे आली 1870 मध्ये, उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीनं हजर होते, आणि त्याच वर्षी मुंबई ते लंडन समुद्राखालून तार जोडली गेली. सुएझचा कालवा आदल्याच वर्षी उघडला होता. लिव्हरपूलच्या दलालानं तार ठोकावी आणि वऱ्हाडातली गाठ महिना-दीड महिन्यात त्याच्या धक्क्यावर उतरावी, इथपर्यंत मजल गेली. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी आमच्या कापसाचा भाव अरबी समुद्राच्या तळाशून सुखरूप येत होता. आता तो मोठ्या भावांच्या केबिनमधून धाकट्या भावांच्या केबिनमध्ये यायला तयार नव्हता.

तर वायरच टाकायचं ठरलं आणि ठेकेदार अमरावतीहून आला. या धंद्यातल्या लोकांची एक खूण आहे: ते आत शिरल्यावर माणसांकडे बघत नाहीत, छताकडे बघतात. पाच मिनिटं छत न्याहाळून झाल्यावर त्यानं वही काढली आणि विचारलं, "पॉइंट कोठी काढू, भाऊ?"

प्रश्न साधा होता, पण त्या पेढीत गेल्या चाळीस वर्षांत तो कुणी विचारला नव्हता. पॉइंट काढायचा म्हणजे कोण कुठं बसतं ते ठरवायचं, आणि एकदा भिंतीत डबा बसला की उठवता येत नाही. खुर्ची हलते, पॉइंट हलत नाही. दुपारपर्यंत ऑफिसातल्या सगळ्यांना ही गोष्ट कळून चुकली.

मोठ्या भावांच्या टेबलावर काच आहे, काचेखाली देवांचे फोटो आणि बंद पडलेल्या कंपन्यांची व्हिजिटिंग कार्डं आहेत, टेबलावर कॉम्प्युटर नाही. त्यांनी दोन पॉइंट मागितले. एक वापरायला, एक शिल्लक. धाकट्या भावांनी हे प्लायवुडच्या पलीकडून ऐकलं आणि तीन मागितले. मुनीमजी सत्तरीचे, लाल कापडाच्या वहीत अजून तिरपी ओळ लिहिणारे; त्यांनी हात जोडले. "मले नोको बाप्पा. मायं काय काम हाय थ्या वायरीचं?" मग शेजारच्या टेबलावरच्या, कालपरवा लागलेल्या पोऱ्याला पॉइंट लिहिला गेला तसे मुनीमजी उठून ठेकेदाराजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "एक मायाही टेबलावर राहू द्या. मी काई वापरणार नाई. पण राहू द्या."

संध्याकाळी यादी तयार झाली. अकरा पॉइंट भरले. त्यात बिलिंगच्या ताईंचा पॉइंट नव्हता. ई-वे बिल त्या काढतात, जीएसटीचे आकडे मला त्या पाठवतात, दिवसभर कॉम्प्युटरवर त्या पेढीत फक्त त्याच असतात. त्यांचा पॉइंट कुणी मुद्दाम गाळला नव्हता. त्या कामात होत्या, म्हणून मागायला आल्या नाहीत, इतकंच.

दुसऱ्या दिवशी वायरीचं खोकं आलं. हे खोकं 305 मीटरचं असतं, कारण ते मुळात हजार फुटांचं आहे. माप इंग्रजी, विक्री मेट्रिक. मोठ्या भावांनी खोक्यावरचा आकडा वाचला आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. "तीनशे समजलो. हे वरचे पाच कायचे?" बाजार समितीत कडता कापण्यात हयात गेलेल्या माणसाला कुणी वरून पाच मीटर जास्त देतं म्हटल्यावर संशय येणारच.

मग त्यांनी वायर तपासली, आणि ते बघण्यासारखं होतं. कापसाचा व्यापारी रुईची चिमूट घेतो, दोन अंगठ्यांच्या मध्ये धरून ओढतो, तंतू समांतर करत करत लांबी बघतो, उजेडाकडे धरून कवडी शोधतो. मोठ्या भावांनी वायरीचं टोक तसंच धरलं. वरचं आवरण नखानं सोललं, आतल्या आठांपैकी एक तार ओढून काढली, तिचं प्लास्टिक दातानं उतरवलं आणि ब्लेडच्या धारेनं तांबं खरवडलं. आत पांढरं चमकलं असतं तर ते अॅल्युमिनियम, वरून नुसता तांब्याचा मुलामा. असला माल बाजारात भरपूर आहे. स्वस्त पडतो आणि लांब अंतरावर दगा देतो. इथं खरवडलं तरी लालच निघालं. "माल चांगला हाय," ते म्हणाले, आणि लगेच, "वल किती असन इच्यात?" सरकारी कापूस खरेदीचे सीसीआयवाले आठ टक्के ओलीवर पूर्ण भाव देतात आणि बारापर्यंत कापून घेतात, हे त्यांच्या रक्तात भिनलेलं आहे. ठेकेदार काही बोलला नाही. त्यानं वहीत काहीतरी लिहून घेतलं.

भोक पाडणं हा या कामाचा दुसरा अंक. दोन फुटी भिंत आणि ड्रिलची सळई तिच्याहून आखूड. म्हणून दोन्ही बाजूंनी पाडायचं आणि मध्ये भेट व्हावी अशी आशा करायची. पोट्ट्यानं इकडून पाडलं, तिकडून पाडलं, तोंडानं फुंकून बघितलं. इकडची फुंकर तिकडं येईना. तिसऱ्यांदा जरा वरून पाडलं तेव्हा सळई पलीकडं निघाली ती थेट देवघरात, लक्ष्मीच्या तसबिरीच्या उजव्या हाताला. विटांचा चुरा गणपतीवर सांडला. ऑफिस स्तब्ध झालं. मुनीमजींनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं आणि निकाल दिला: देवानं स्वतः पाडलेलं भोक बुजवू नये. बारावा पॉइंट असा झाला. तिथं आता गल्ल्यावर नजर ठेवणारा कॅमेरा आहे, आणि पॅच पॅनेलवर त्या जागी चिकटवलेल्या कागदावर पेनानं "देव" असं लिहिलं आहे.

सगळीकडे ड्रिल लागतंच असंही नाही. वऱ्हाडातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. घराचे पाय तिच्यासोबत वर-खाली होतात आणि भिंतीला छतापासून जमिनीपर्यंत भेग पडते. बाकी महाराष्ट्रात भेग पडली तर लोक इंजिनिअर बोलावतात. आमच्याकडे तिच्यात वायर घालतात. पोट्ट्यानं मागच्या खोलीतली लाइन तशीच नेली आणि वरून पुट्टी मारली. पुढं ऑगस्टात तो पॉइंट कधी लागायचा, कधी तुटायचा, तेव्हा त्याचं म्हणणं होतं की पावसानं भेग मिटली आणि वायर दाबल्या गेली. "उन्हायात पाहा, झ्याक चालन." मला हे खोटं ठरवता आलं नाही.

पण खरी अडचण होती ती त्या प्लायवुडच्या पार्टिशनची. दोन्ही भावांची वाटणी झालेली आहे, पेढी मात्र एकत्र आहे. याचा अर्थ काय, ते मी त्यांचा कर सल्लागार असूनही पूर्णपणे सांगू शकणार नाही. मध्ये जमिनीपासून छतापर्यंत प्लायवुड आहे. रॅक मोठ्या भावांकडे, तीन पॉइंट धाकट्या भावांकडे. दोघांतलं अंतर सरळ मोजलं तर नऊ फूट. ठेकेदारानं पार्टिशनला भोक पाडायची परवानगी मागितली.

मोठे भाऊ म्हणाले, "माया बाजूनं पाडू नोका."

धाकटे भाऊ म्हणाले, "त्यायनं सांगतलं काय? मंग माया बाजूनंही नोको."

ठेकेदारानं पुन्हा एकदा छताकडे बघितलं. आणि वायर निघाली. मोठ्या भावांच्या खिडकीतून बाहेर, गॅलरीच्या कठड्यावरून, पाण्याच्या पाइपाला बांधत, मागच्या संडासाच्या झरोक्यावरून वळसा घालून, धाकट्या भावांच्या व्हेंटिलेटरमधून आत. नऊ फुटांची वाट साठ मीटरची झाली. या वायरीला शंभर मीटरची मर्यादा असते, नव्वद भिंतीतली आणि दहा दोन्ही टोकांच्या तुकड्यांची. वाटण्या अशाच होत राहिल्या, तर एखाद्या पिढीत हे घराणं ती मर्यादा ओलांडणार हे नक्की.

घरात टाकायची वायर बाहेरच्या उन्हात टिकत नाही. तिचं आवरण कडक होतं, तडकतं, हातात भुगा होऊन येतं. आणि ऊन म्हणजे अकोल्याचं. 2024 च्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी कलम 144 लावलं होतं. दंगलीचं कलम उन्हाला लावणारी गावं फार नसतील. त्या उन्हात गॅलरीतल्या वायरीनं दोन उन्हाळे काढले, हेच पुष्कळ. अमरावतीला कॅम्पातल्या एका ऑफिसात हाच प्रश्न दुसऱ्या वाटेनं सुटला: गच्चीवरून नेलेल्या वायरीला वानरांनी झोके घेतले. ऑफिसवाले ठेकेदाराला फोन करतात तेव्हा तो पहिलं विचारतो, "वानरं येऊन गेले काय?"

रॅक कुठं ठेवायचा हे मात्र वास्तुशास्त्रावर ठरलं. फोनवरून सल्ला आला की विजेची वस्तू आग्नेयेला. आग्नेयेला पेढीचा कूलर होता. वऱ्हाडात कूलर हा ऑफिसचा मुख्य अधिकारी असतो. मार्चपासून जूनपर्यंत सगळ्या खुर्च्या त्याच्या तोंडाकडे वळलेल्या असतात. त्याला हलवणं शक्य नव्हतं. म्हणून रॅक त्याच्याच डोक्यावर बसवला. खालून वाळ्याचा ओला गारवा, वरून पत्र्याची धग, आणि मध्ये चोवीस पोर्टांचा स्विच. दुपारी दोन ते चार स्विच तापून बंद पडायचा. त्याच वेळेत मुनीमजीही गादीला टेकून पडलेले असायचे, त्यामुळे बरेच दिवस हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता रंगांचं. या वायरीत आठ तारा असतात, दोन-दोन पिळलेल्या चार जोड्या. पिळायची युक्ती ग्रॅहम बेलची, 1881 च्या पेटंटातली: एकमेकींभोवती वळलेल्या दोन तारांवर बाहेरून येणारी खरखर सारखीच पडते आणि परस्पर वजा होते. प्रत्येक जोडीचा पीळ वेगळ्या मापाचा असतो, म्हणजे शेजारची जोडीही एकमेकींचं बोलणं ऐकत नाही. बेलला एकत्र कुटुंब पद्धतीची कल्पना असावी असं मला उगाच वाटतं.

पोट्टा खाली मांडी घालून बसला होता. त्यानं आवरण इंचभर काढलं, जोड्यांचे पीळ उलगडले, तारा बोटांत धरून दाबून दाबून सपाट केल्या आणि स्तोत्र म्हणावं तशा एका लयीत ओळीनं लावल्या: ऑरेंज व्हाइट, ऑरेंज, ग्रीन व्हाइट, ब्लू, ब्लू व्हाइट, ग्रीन, ब्राउन व्हाइट, ब्राउन. कात्रीनं टोकं एका रेषेत कापली, पारदर्शक जॅकमध्ये सरकवली, डोळ्याजवळ धरून आठही टोकं पुढच्या भिंतीला टेकली का बघितलं, आणि क्रिंपिंगचा चिमटा दाबला. कट्. मुनीमजी केव्हापासून वाकून बघत होते. रंगांच्या ओळीतली गडबड त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. चाळीस वर्षं तेरीज जुळवणारा माणूस तो.

"कारे बाबू, नारंगीची जोडी संग-संग हाय, तपकिरीची संग-संग हाय. मंग या हिरव्या जोडीच्या मधात निया कामून घातला?"

"काका, मधातल्या दोन जागा टेलिफोनच्या होत पयलेपासून. फोनची जोडी तिथंच राह्यते. म्हणून हिरव्याले तिच्या दोन बाजूनं बसा लागते."

मुनीमजींनी मान डोलावली. "हां. जुना भाडेकरू. त्याले हालवता येत नाई."

हे स्पष्टीकरण मी नंतर बऱ्याच इंजिनिअर पोरांना ऐकवलं. याहून सोपं कुणालाच सांगता आलं नाही.

ही ओळ महत्त्वाची का, हे त्या पेढीला आधीच भोगून कळलं होतं. प्रत्येक ऑफिसातलं पहिलं वायरिंग कुणाच्या तरी भाच्यानं केलेलं असतं. इथल्या भाच्यानं फुकट केलं होतं, आणि डोकं लावून केलं होतं: नारंगीची जोडी, हिरव्याची जोडी, निळ्याची जोडी, तपकिरीची जोडी, सगळ्या सख्ख्या-सख्ख्या शेजारी, दोन्ही टोकांना तश्शाच. टेस्टर लावला की एक ते आठ दिवे ओळीनं हिरवे. दोन्हीकडे सारखंच चुकलं असल्यामुळे टेस्टरच्या मते सगळं बरोबर होतं. तो बिचारा तार इकडून तिकडं पोचली की नाही एवढंच बघतो. पण तिसऱ्या आणि सहाव्या जागेवरच्या तारा एका जोडीच्या असायला हव्यात, त्या दोन वेगवेगळ्या जोड्यांतल्या निघाल्या, पीळ वाया गेला आणि लांबच्या टेबलांवर सगळं रांगत चालू लागलं. पोरांनी त्या लाइनीला "शकुंतला" नाव ठेवलं होतं. मूर्तिजापूरवरून यवतमाळला आणि अचलपूरला जाणारी ती नॅरोगेज गाडी 1994 पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली. तिच्या वेगाबद्दल वऱ्हाडात कुणी वाईट बोललेलं खपत नाही, तरी नाव ठेवताना तिचीच आठवण येते. भाच्याला मात्र शेवटपर्यंत पटलं नाही. "मामा, दिवे तर लागते ना?"

ताईंना वायर मिळाली ती सगळं संपल्यावर, उरलेल्या तुकड्यातून. भिंतीतून काढायला जागा उरली नव्हती, म्हणून जमिनीवरून, मधल्या वाटेला आडवी, आणि कुणाचा पाय अडकू नये म्हणून वरून पोत्याचा तुकडा. चहावाला रोज त्या पोत्याला ठेचकाळून शिवी देई. ताई मान न वळवता, चार बोटांनी टाइप करत, "जपून भाऊ" म्हणत.

त्या वर्षी दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी साफसफाई झाली. रॅकला झेंडूचा हार घातला, स्विचला हळदकुंकू लागलं, चोपड्यांबरोबर माउसचीही पूजा झाली. शिपाईदादा जुने आणि टापटिपीचे. रॅकमधून एक छोटी वायर लोंबत होती, तिचं एक टोक स्विचमध्ये होतं आणि दुसरं मोकळं. पूजेच्या वेळी असं लोंबतं काही बरं दिसत नाही. स्विचवर एक भोक रिकामं होतं. त्यांनी मोकळं टोक त्यात खोचलं. दिसायला सगळं एकदम नीटनेटकं झालं.

स्विच स्वतःलाच जोडला गेला की त्याचं काय होतं, ते सांगायला हवं. "कोण आहे रे तिकडं?" अशी एक हाक सगळ्यांना मारली जाते. ती हाक त्या वायरीतून फिरून पुन्हा स्विचमध्ये येते. स्विचला वाटतं नवीन हाक आली, तो ती परत सगळ्यांना पाठवतो. क्षणभरात लाखो हाका, उत्तर एकही नाही. असं होऊ नये म्हणून रेडिया पर्लमन नावाच्या बाईंनी 1985 मध्ये एक पद्धत काढली, आणि चांगल्या स्विचमध्ये ती असतेच. आमचा स्विच घासाघीस करून घेतलेला होता.

पाडव्याचा मुहूर्त. वर्षाचं पहिलं बिल. एमआयडीसीतल्या जिनवर गाठींचा ट्रक भरून उभा. आणि एकही कॉम्प्युटर दुसऱ्याशी बोलेना. रॅकवरचे सगळे दिवे मात्र एका तालात, अतिशय उत्साहानं लुकलुकत होते. मोठ्या भावांना वाटलं, सणाचंच आहे. तासाभरानं आरोप सुरू झाले. मोठे भाऊ म्हणाले, धाकट्यानं काहीतरी डाउनलोड केलं. धाकटे भाऊ म्हणाले, रॅक त्यांच्याकडे आहे, त्यांनाच विचारा. कुणी उंदरांवर घेतलं, कुणी कंपनीवर, भाच्यानं ठेकेदारावर. ठेकेदार फोनवर म्हणाला, बंद करून चालू करा. केलं. पुन्हा तेच. तिकडं ट्रकवाल्यानं स्टोव्ह पेटवून खिचडी टाकली. मला अमरावतीला फोन आला. जणू हेही आयकर खात्याचंच काम. मी रस्त्याची तारीफ करत येऊन पोचलो तेव्हा पेढीत आलूबोंडे आले होते आणि दोन्ही भाऊ बऱ्याच काळानं एकाच खोलीत उभे होते, पण बोलत ठेकेदाराशी होते.

ताईंनी तोंडातला घास संपवला, स्टूल ओढलं, कूलरवर हात टेकला आणि स्विचमधली एक-एक वायर काढायला सुरुवात केली. एक काढायची, शांतपणे दिव्यांकडे बघायचं, परत लावायची, पुढची. मोठे भाऊ 1. मोठे भाऊ 2. धाकटे भाऊ तीनही. मुनीम. देव. त्यानंतरच्या वायरीला चिठ्ठी नव्हती. ती काढल्याबरोबर सगळ्या दिव्यांचा उत्साह मावळला आणि ते नेहमीसारखे, कामापुरते लुकलुकू लागले.

"हे कोणं लावलं?" ताईंनी विचारलं.

शिपाईदादा तेवढ्यात आलूबोंड्याच्या कागदाचा बोळा टाकायला खाली गेले होते.

बिल निघालं, ट्रक सुटला. मोठ्या भावांनी ताईंना भिंतीतला पॉइंट द्यायचं त्याच दिवशी जाहीर केलं. तो द्यायचा म्हणजे कुणाचा तरी एक काढायचा. मोठ्या भावांनी धाकट्यांचा तिसरा सुचवला, धाकट्यांनी मोठ्यांचा शिल्लक सुचवला, मुनीमजींनी आपला देऊ केला आणि परत घेतला. पोतं अजून तिथंच आहे.

हिशेबाचा दिवस राहिला. ठेकेदारानं बिल ठेवलं: बारा पॉइंट भिंतीतले, एक जमिनीवरचा. मोठ्या भावांनी चष्मा लावला. देवाचा पॉइंट देवानं पाडला, त्याची मजुरी कशी? ती गेली. ताईंच्या पॉइंटला भोक पाडलं नाही, मग पूर्ण दर कशाला? निम्मा झाला. खोक्यात उरलेली वायर मोजून परत घेतली. ती आता गच्चीवर कपडे वाळत घालायला आहे. आणि शेवटी पेन उचलून त्यांनी बेरजेखाली आडवी रेघ मारली, "कडता" असं लिहिलं आणि शेकडा दोन कापले. "जुलैत टाकली ना तुमी वायर. वल असतेच."

मला वाटलं आता भांडण होणार. ठेकेदार हसला, पैसे मोजून घेतले आणि जिना उतरला. खाली गाडीपाशी मी त्याला विचारलं, हे कसं चालवून घेतलं? तो दर्यापूरकडचा, शेतकऱ्याचा पोरगा. बापानं याच बाजारात पंचवीस-तीस वर्षं कापूस घातलेला.

"कोटेशन देतानीच शेकडा चार लावले होते साहेब," तो म्हणाला. "दोनच कापले त्यायनं. दिवाळी असन म्हणून."